कृपया आधी कळवा

शिक्षण किती झालं असं कुणी विचारलं की मी बी.ए. सांगते आणि गप्प बसते. त्यापुढचा कॉम्प्युटरचा कोर्स सांगत नाही. खरं तर आज जी नोकरी करते ती त्या कोर्सच्याच जोरावर लागली. पण तो सांगितला की समोरचा माणूस हमखास विचारतो, मग काय बनवलं होतं तुम्ही? तिथे माझी जीभ अडते.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये. बी.ए. होताच लग्न करून मी इथे आले, आणि पुढची कित्येक वर्षं डिग्रीचा उपयोग गावातल्या बायकांच्या बँकेच्या स्लिपा भरून देण्यापुरता झाला. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी घरात विषय काढला की मला चंद्रपूरला क्लास लावायचा आहे. प्रोग्रामिंगचा. डेटाबेसचे छोटे प्रोग्राम स्वतः बनवायला शिकवतात, आणि क्लासवाले नोकरीलाही लावून देतात, असं मी ठासून सांगितलं. दुसरा भाग माझ्या पदरचा होता. नवरा म्हणाला, "जा." सासू म्हणाली, "शिकून का करतेस वं आता? पण जा, घरी बसून तं चिडचिडच करून राह्यली."

चिडका स्वभाव माझा माहेरचाच. तो मी सोबत घेऊनच बसमध्ये चढायचे.

क्लास जटपुरा गेटजवळ एका औषधाच्या दुकानावर होता. पहिल्या दिवशी सरांनी मला मुलांच्या शेजारी बसवलं. सगळे कॉलेजातले, कोळशाच्या आणि वीज केंद्राच्या वसाहतींमधून येणारे, इंग्रजीत शिकलेले. ते मला काकू म्हणत. मी काकू नव्हते, पण हळूहळू झाले. सर बोलायचे टेबल, क्वेरी, फॉर्म, आणि माझ्या डोळ्यांपुढे खरोखरचं टेबल यायचं, त्यावर धानाचं पोतं ठेवलेलं. पडद्यावर लाल अक्षरात चूक दाखवली की मी ती इतरांना दिसू नये म्हणून खुर्ची सरकवून आडवी बसत असे. शेजारचा पोरगा तरी वाकून म्हणायचाच, "काकू, कंस बंद करा." कंस बंद केला की चालायचं. मग मला त्या पोराचा राग यायचा, आणि बसमध्ये बसल्यावर स्वतःचा.

तरी मी शिकले. एक दिवस मी काढलेलं बटण दाबलं आणि रिकाम्या चौकटीत मी साठवलेलं नाव आपोआप आलं. तेवढ्याने मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. पण खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या अंगात दोन बायका राहायला लागल्या होत्या. क्लासमध्ये मला गावची लाज वाटायची, आणि गावात मी क्लासचा तोरा मिरवायचे. सासूच्या बोलण्यातला "ते"चा "थे" सुद्धा मला खटकायला लागला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी माझी गत.

शेवटी सरांनी सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाने एक प्रोग्राम बनवायचा, पण नुसता दाखवायला नाही. कुणीतरी तो खरोखर वापरत असला पाहिजे. ज्याचा सगळ्यांत चांगला असेल त्याचं नाव ते ओळखीच्या एका ऑफिसात सुचवणार होते. ती नोकरी मला हवी होती. घरी थाप मारून ठेवली होती आणि ती खरी करायची ही एकच वाट होती.

विषय घरातच सापडला. आमच्या बायकांच्या बचत गटाकडे गावाची भांडी आहेत. भाताचे मोठाले गंज, कोपरं म्हणजे पराती, कढया, झारे, सराटे, बादल्या. कुणाच्या घरी कार्य असलं की थोडं भाडं देऊन न्यायची. सासू गटाची अध्यक्ष, म्हणून भांड्यांच्या खोलीची किल्ली आमच्या घरी. त्या वर्षी उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन लग्नं निघाली आणि दोन्ही घरांना तोंडी होकार गेला होता. एकाकडे गंज गेले, दुसऱ्याकडे त्यांची झाकणं. दोन्हीकडचे आचारी एकमेकांच्या नावानं बोंबलले, आणि सासूने नात्यातल्यांना झुकतं माप दिलं असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. सासूला ते फार लागलं. मी म्हटलं, हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊ. मशीनला नातं नसतं.

नवऱ्याने चंद्रपुरातून एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणला. बाहेरच्या खोलीत तो मांडला. सरांनी शिकवलं होतं की कोड लिहायच्या आधी वापरणाऱ्यांना विचारा, कोणकोणत्या कामाला लागतं ते सगळं काढून घ्या. म्हणून मी गटाच्या बैठकीत वही उघडून बसले. भांडी कशाकशाला नेतात? बायकांनी सांगितलं. लग्न, साक्षगंध, बारसं, जावळं, घरभरणी, देवळातला महाप्रसाद. मी ती सगळी नावं एका यादीत टाकली, माऊसने खाली उघडणारी यादी, माझा मोठा अभिमान होता तिचा. मग नियम. एका भांड्यासाठी एका दिवशी एकच नाव. आणि मागणीची तारीख कार्याच्या तारखेच्या आधीची असलीच पाहिजे. ऐनवेळी कुणी हात हलवत आलं तर मशीनने घ्यायचंच नाही. सर म्हणायचे, "वापरणारा चुकणारच असं धरून चाला. त्याच्यावर विश्वास ठेवू नका." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

नियम मोडला तर पडद्यावर एक छोटी चौकट यायची. इतरांच्या प्रोग्राममध्ये तिथे इंग्रजी असायचं. मी मराठीत लिहिलं, चार वेळा शब्द बदलून, कारण मला ते सभ्य वाटायला हवं होतं. कृपया आधी कळवा.

बैठकीत मी सगळ्यांना प्रोग्राम चालवून दाखवला आणि बजावलं की छापील चिठ्ठीशिवाय किल्ली द्यायची नाही, मग तो कुणीही असो. सासूनेही मान डोलावली, तिच्यावरचं किटाळ जाणार होतं म्हणून. धाकट्या जावेला मी बटणं शिकवली. ती नुकतीच लग्न होऊन आलेली, भित्री, सांगितलेलं तंतोतंत करणारी. मी क्लासला गेले की मशीन तिच्याकडे. बारशा-साक्षगंधाच्या नोंदी तिने सुरेख केल्या. गावात सगळे म्हणायला लागले की आमच्या घरी कारभार आता मशीनवर आहे, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे.

क्लासमध्ये प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. मी नवी साडी नेसून गेले होते. माझ्या आधी एका मुलाचं चाललं होतं, माझा नंबर त्याच्यानंतर. तेवढ्यात जावेचा फोन आला. मी दाराबाहेर जिन्यावर जाऊन घेतला.

"ताई, मशीन लेत नाई."

"काय घेत नाही? तारीख नीट टाकली का?"

"टाकली. आजचीच आहे. भाऊ आले आहेत भांडी न्याले, आजच पाहिजेत म्हणतात."

"आजच्या आज मागितलं तर मिळत नाही, किती वेळा सांगितलं? तो नियमच आहे."

"हो, पण ताई, आयका तं, थे—"

"हे बघ, माझा नंबर आहे. त्यांना सांगून दे, नाही म्हणून." आणि मी फोन कापला. आत सर माझं नाव पुकारत होते.

मी चांगलं दाखवलं. तसं कधी त्याआधी बोलले नव्हते. सरांनी शेवटी स्वतः येऊन माऊस हातात घेतला, मला चुकवायचा प्रयत्न केला. त्यांनी त्या दिवसाचीच तारीख टाकून गंज मागितला. चौकट आली. कृपया आधी कळवा. मुलं हसली आणि टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "बघा, असं पाहिजे. काकूंनी दार कसं पक्कं लावलंय." माझे कान गरम झाले. इतकं कौतुक मला शाळेतही मिळालं नव्हतं.

दुपार कलल्यावर मी गावच्या फाट्यावर बसमधून उतरले. घराकडे जाताना वाटेत एका दारासमोर माणसं बसलेली दिसली. पुरुष एकीकडे, टॉवेल खांद्यावर. मी मान खाली घातली, कुणीतरी गेलं हे कळलंच. शेजारच्या आवारात चुली मांडल्या होत्या, आणि बायका लहान लहान घरगुती गंजांत भात शिजवत होत्या. एक उतरला की दुसरा चढवायचा. कुणाचं ॲल्युमिनियमचं पातेलं, कुणाचा कुकर झाकणाशिवाय. बाहेरगावची पाहुणेमंडळी केव्हाची बसलेली होती आणि पहिली पंगतही उठली नव्हती. आणि माझ्या मनात काय यावं? मोठा गंज काऊन नाही आणला यांनी, एवढंच. मी ते मनात म्हणत पुढे चालत गेले.

घरी धाकटी जाऊ मशीनसमोरच्या खुर्चीवर बसली होती. तिचं तोंड पाहून मला कळलं, पण सगळं नाही. ते तिने सांगितलं. सकाळी त्या घरचा कर्ता माणूस शेतातच छातीत कळ येऊन गेला. सासूसकट सगळ्या बायका तिकडे धावल्या. घरी ही एकटी. थोड्या वेळाने त्याचा धाकटा भाऊ भांडी न्यायला आला, अंगातला सदरा उलटा, पायात चप्पल नाही. हिने सवयीने मशीन उघडलं. कशासाठी, ती यादी खाली ओढली. त्यात ते नव्हतं. हिने घाबरून लग्न निवडलं, पुढे जायला काहीतरी निवडावं लागत होतं म्हणून. मग तारीख टाकली, आणि चौकट आली. तो मागेच उभा होता. सातवीपर्यंत शिकलेला, त्याने ते वाचलं. मग हिने मला फोन केला. त्याला फोनवरचा माझा आवाज ऐकू जात होता.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"काई नाई. बरं, मनले. अन् गेले."

आमच्याकडे मयताला भांडी मागायची पद्धत नाही. मागायची नसतात, न्यायची असतात. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी रांधून दूरच्या सोयऱ्यांना जेवू घालतात, आणि त्यासाठी गावातला कुणीही माणूस येतो, किल्ली उचलतो, गंज नेतो. भाडं नाही, नाव नाही. किल्ली देणाऱ्यानेही काही बोलायचं नसतं. म्हणूनच बैठकीत बायकांनी ते मला सांगितलं नव्हतं. कशाकशाला नेतात, असं मी विचारलं होतं, आणि शुभकार्याच्या यादीच्या शेपटाला ते नाव कोण जोडणार? त्यांना वाटलं, एवढं तर हिला ठाऊकच आहे. आणि मला ठाऊक होतंच. माझे सासरे गेले तेव्हा आमच्या अंगणात तेच गंज आले होते, कुणी आणले ते मी आजही सांगू शकत नाही. तरी प्रोग्राम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्या वेळी डोक्यात मीच मावत नव्हते.

मी किल्ली घेऊन धावत निघाले. सासू दारातच भेटली, तिकडून परत येत होती. तिने माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"आता कुठी चाललीस? शिजला भात, बसले लोक जेवाले."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मशीनले मयत समजत नाई, थे मले कबूल आहे," ती म्हणाली. "तुले तं समजते ना?" मग ती मोरीत पाय धुवायला गेली. नंतर कधी त्यावर ती एक शब्द बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं.

मी त्या घरी गेले नाही. जायला हवं होतं, पाय उचलला नाही. मी दोन दिवस घराच्या मागच्या दारानेच ये-जा केली. मला माणसांची भीती नव्हती, ती काही बोलणार नाहीत याची होती. मी जेवताना भाताकडे पाहत बसायचे. नवऱ्याने विचारलं, परीक्षा कशी झाली, तेव्हा मी चांगली म्हटलं, आणि ते खरंच होतं, यासारखं वाईट काय असणार.

मग मी, जे मला येत होतं ते, करायला बसले. नियमातलं चिन्ह बदललं, त्याच दिवशीची मागणीही चालावी म्हणून. कारणांच्या यादीत शेवटी मयत असा शब्द टाकला. अर्ध्या तासाचं काम. गटाच्या बायका गोळा झाल्या तेव्हा मी त्यांना ते दाखवलं, तेवढं तरी सुधारलं असं सांगायला. एक म्हातारी म्हणाली, "थे नाव काढून टाक, बाई. घरी मढं ठेवून आलेल्यानं त्या डब्ब्यात बोट ठेवून दाखवाचं काय?" मी ते काढलं. ठरलं असं की किल्ली बाहेर ओट्यावरच्या खिळ्याला राहील, मयताला कुणीही न्यावी, मशीनने त्यात पडू नये. म्हणजे पूर्वी होतं तसंच.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांनी माझं नाव ऑफिसात दिलं होतं. साहेबांना तारखेचा तो नियम विशेष आवडला, असं ते म्हणाले. घरात सगळ्यांना आनंद झाला, सासूलाही, तिने साखर आणून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या जेवणाच्या, चार-पाच दिवस आधीची गोष्ट. सकाळी मी बाहेरच्या खोलीत झाडत होते. अंगणातून हाक आली, "बाई, आहात काय घरी?"

मी बाहेर येऊन पाहिलं तर ती होती, गेलेल्या माणसाची बायको. सुतकातली बाई घराबाहेर पडत नाही, आणि ही गावातून चालत आली होती, उघड्या कपाळाने, एकटी. ओट्यापासून लांब, तुळशीच्याही पलीकडे उभी होती, आपला विटाळ आम्हाला होऊ नये म्हणून. मी खाली उतरायला लागले तर तिने हातानेच थांबवलं.

"या ना वर," मी म्हटलं.

"नाई, इथीच बरी आहो. मशीन सुरू आहे काय तुमचं?"

मी हातातला झाडू दाराआड ठेवला.

"तेरवीले भांडी पाहिजे होते," ती म्हणाली. "सोमवारी आहे तेरवी. मागच्या खेपी आमाले आधी सांगता नाई आलं, बाई. दिराले काई समजलं नाई, तसेच धावत आले तुमच्याकडे. राग नोका मानू. म्हणून मनलं, यावेळी आपणच जाऊन आधी सांगून देवू."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी जगले असते. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, शोधलं. नव्हता.

"वहिनी, मशीनचं काही नाही," मी म्हटलं. "केव्हाही न्या. किल्ली बाहेरच असते. तुम्ही यायला नको होतं."

"नाई नाई. नियम सगळ्याले सारखा. तुमी लिवून घ्या."

ती हलेना. मी आत गेले आणि मशीन सुरू केलं. तेरवी यादीत होती का? नव्हती. मी तो शब्द टाकला, तो शुभ नाही आणि अशुभही नाही, कुणी हरकत घेणार नव्हतं. गंज, कोपरं, कढया. मागणीची तारीख, कार्याची तारीख, आधी-नंतर सगळं जिथल्या तिथे. कुठलीही चौकट आली नाही. प्रिंटरने खरखर करत चिठ्ठी बाहेर ढकलली, वर गटाचं नाव, खाली तिच्या मेलेल्या नवऱ्याचं आडनाव.

मी ती घेऊन बाहेर आले आणि हात पुढे केला.

"ओट्यावर ठेवून द्या," ती म्हणाली, "मी उचलतो."

मी चिठ्ठी ओट्याच्या कडेला ठेवून मागे सरकले. ती पुढे आली, उचलली. तिला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे, तिच्या बँकेच्या स्लिपा मीच भरायचे. तरी तिने ती दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत पाहिली, घडी घातली आणि कमरेला खोचली.

"आता तं मशीन नाई मनणार नाई ना?"

"नाही म्हणणार नाही," मी म्हटलं.

"उपकार झाले, बाई," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत फाटकातून निघून गेली.